युदोकियाची रिकामी जागा

१

मुलीच्या सासरी आईनं पाहुण्यासारखं जावं, चहा प्यावा, ‘घर छान ठेवलंय हो’ म्हणावं आणि गुमान परत यावं, असं माझी आई सांगायची. मी तिचं कधी ऐकलं नाही. माझा सगळा जन्म विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात गेला. जळालेली गोदामं, भिजलेला माल, चोरीला गेलेले आणि मग माळ्यावर सापडलेले हार, सगळं पाहून झालं. समोरचा खोटं बोलत असला की मला आधी राग येतो आणि तो का आला ते मागाहून कळतं. या रागावर कंपनीनं पुष्कळ पैसे वाचवले. घरच्यांना मात्र त्याचा तापच झाला.

त्या रविवारी दुपारी जावईबापूंचा फोन आला.

“आई, जरा येता का? घरात चोरी झालीय.”

“चोर सापडला?”

पलीकडे नुसती शांतता. मग म्हणाले, “तुम्ही याच.”

त्या शांततेनंच माझं डोकं फिरलं. पायात चप्पल सरकवली आणि तशीच निघाले.

जावईबापूंना त्यांच्या आत्यानं वाढवलं. आईबाप लहानपणीच गेले. आत्याबाई भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, लग्न केलं नाही. लोकांना झोपवून जे मिळवलं ते बाईंनी हजार वर्षांपूर्वीच्या राण्यांना जागं ठेवण्यात घातलं. म्हणजे नाणी जमवली. बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची, आणि त्यातही ज्या नाण्यांवर बाईचा चेहरा आहे ती. पुरुषांची नाणी त्यांच्याकडे होती, पण ती ‘सोबतीला’, असं त्या म्हणायच्या.

वरच्या मजल्यावर त्यांची नाण्यांची खोली. मोठी खिडकी, खिडकीशी लांब टेबल, वाकवता येणारा दिवा, नाजूक वजनकाटा, आणि भिंतीला लावून उथळ खणांचं लोखंडी कपाट. प्रत्येक खणात निळी मखमल, मखमलीत ओळीनं गोल खोबण्या आणि प्रत्येक खोबणीत एक नाणं.

टेबलावर असाच एक खण बाहेर काढून ठेवला होता. सोन्यानं भरलेला. मधली एक खोबणी रिकामी होती.

भोवती चौघं होती. आत्याबाई खुर्चीत, ताठ. त्यांच्याशेजारी मास्तर, म्हणजे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, आत्याबाईंचे जुने मित्र. खिडकीशी नाणेवाला, जुन्या नाण्यांचा व्यापारी, गोलमटोल, घाम पुसत. दाराशी जावईबापू. आणि माझी लेक चिमी त्या सगळ्यांपासून दूर, कपाटाला टेकून. कपाटाची चावी टेबलावर पडली होती. ती चावी एरवी तिच्याकडे असते, हे मला माहीत होतं.

“काय झालं ग?” मी विचारलं.

उत्तर जावईबापूंनी दिलं, आणि मला नाही, तिला. “चिमे, मघाशी म्हटलं तेच परत म्हणतो. घेतलं असशील तर आत्ताच देऊन टाक. आपलीच माणसं आहेत.”

२

जावयाला काही बोलायचं नाही, असं मी जिभेला बजावलं. जीभ म्हणाली, बघू. मी आत्याबाईंकडे वळले.

“पहिल्यापासून सांगा. आणि ज्याला मधे बोलायचंय त्यानं खाली जाऊन बोलावं.”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ऐंशीच्या घरातली बाई, नजर अधू झालेली, पण पाठ अशी की आमच्यासारख्यांनी लाजावं. त्या सांगू लागल्या.

संग्रह आता कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवण्यासाठी त्यांनी आज सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. सकाळी सगळे या खोलीत बसले आणि आत्याबाईंनी निर्णय सांगितला: संग्रह चिमीचा. अट एकच, विकायचा नाही आणि फोडायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून चिमी त्यांच्यापाशी बसून नाणी शिकली होती. त्यांचे डोळे थकले तसे तिचे डोळे त्यांना लागू लागले. मास्तरांना आणि नाणेवाल्याला एकेक नाणं आठवण म्हणून मिळणार होतं. त्यासाठी खालच्या खणात साधी, जास्तीची नाणी काढून ठेवली होती. दोघांनी निवडली. चहा झाला की डब्यांत घालून न्यायची, असं ठरलं आणि सगळे जेवायला खाली गेले.

“खण उघडेच?”

“उघडेच. घरचीच माणसं होती,” आत्याबाई म्हणाल्या. “जेवताना मास्तर चष्मा राहिला म्हणून वर आले. नाणेवाले फोनवर बोलायला या खोलीच्या सज्ज्यात आले. आमचे चिरंजीव दिवा बंद करायला आले. शेवटी चिमी कुलूप लावायला आली. तीच खाली येऊन म्हणाली, युदोकिया जागेवर नाही.”

नाणी बघणाऱ्यांचा एक रिवाज आहे, तो मला तेव्हा कळला. जागा रिकामी दिसली की घरातून कुणी बाहेर पडत नाही आणि कुणी न सांगता सगळे खिसे टेबलावर उलटे करतात. नाणेवाल्यानं तर मोजेसुद्धा काढून दाखवले. कुणाकडे काही निघालं नाही. पण चिमी खिसे दाखवायच्या आधी साऱ्या घरात वावरली होती. आणि विकता येणार नाही म्हटल्यावर सगळ्यांत भारी एक गुपचूप बाजूला काढायचा मोह कुणालाही होईल, असा जावईबापूंचा तर्क. तर्क वाईट नव्हता. बायकोबद्दल होता, एवढंच वाईट.

“ही युदोकिया कोण?” मी विचारलं.

आत्याबाईंचा चेहरा उजळला. चोरी झालेल्या घरात असा उजळलेला चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

“विहीणबाई, बाई कसली, वाघीण! नवरा सम्राट. मरताना त्यानं तिच्याकडून शपथ लिहून घेतली, पुन्हा लग्न करणार नाही म्हणून. मुलं कोवळी, आणि सीमेवर शत्रू. मग तिनं स्वतःच राज्य हातात घेतलं आणि नाणं पाडलं. नाण्यावर मधे ती, पायाखाली चौरंग, आणि दोन बाजूंना दोन मुलगे. म्हणजे बघणाऱ्याला कळावं, वडील गेले तरी घरात कर्तं माणूस आहे. काही महिनेच चाललं ते. राज्याला सेनापती हवा हे तिला दिसलं, तेव्हा धर्मगुरूंकडून ती शपथ सोडवून घेतली आणि तुरुंगातल्या एका सरदाराशी लग्न केलं. लोक काय म्हणतील याची पर्वा केली नाही.”

“मग?”

“मग तो नवरा लढाईत पकडला गेला आणि थोरल्या मुलाच्या नावानं दरबाऱ्यांनी तिला मठात डांबलं. मुलानं बोट हलवलं नाही. मिखाईल सातवा. त्याचीही नाणी आहेत, पैशाला पासरी. ती बघा, खालच्या खणात.”

त्यांनी टेबलावरचा सोन्याचा खण बाजूला सरकवला आणि कपाटातला खालचा खण ओढून दाखवला. आत कुठेतरी बारीकसं ‘किण्’ वाजलं. आधी सोन्याचा जड खण सरकवला तेव्हा काहीच आवाज झाला नव्हता. हे माझ्या कानानं टिपलं, डोक्यानं नाही. डोकं रागात होतं.

“आता काय करायचं ठरवलंय?” मी विचारलं.

आत्याबाई चावीकडे पाहात म्हणाल्या, “चहा होईपर्यंत वाट बघते. तोवर युदोकिया जागेवर आली नाही, तर संग्रहालयाला फोन लावते. पेट्या भरा आणि न्या म्हणते. ज्या घरात नाणं राहात नाही त्या घरात संग्रह ठेवून काय करू?”

चिमीचा चेहरा पांढरा पडला.

३

पहिल्यांदा गाठलं नाणेवाल्याला, सज्ज्यात. तो इतका गोड बोलतो की ऐकणाऱ्याला तहान लागावी.

“ताई, मला चोरायचंच असतं तर विकतानाच नसतं का खोटं दिलं?”

“आधी दिलं नसेल हे मी कशावरून धरू?”

तो हसला. माणसाला टोमणा पचतो, हे बरं लक्षण. “बरं, असं बघा. ही युदोकिया मी तरुणपणी आत्याबाईंना विकली. तिच्या डाव्या बाजूला काठावर एक चीर आहे, चौरंगाखाली एक ओरखडा आहे. या धंद्यात तिला न ओळखणारा माणूस नाही. चेहरेपट्टी ठाऊक असलेली म्हैस चोरून बाजारात कुठे बांधायची? उद्या कुणी मला ती विकायला आला तर त्याला मीच धरून आणीन.”

“म्हणजे ती विकण्यासाठी नेलेली नाही.”

“विकणारा अडाणी असेल तर वेगळं.”

“आणि अडाणी नसेल तर?”

नाणेवाल्यानं घाम पुसला. “मग नुसती बघण्यासाठी. दार लावून, एकट्यानं. असे लोक असतात, ताई. त्यांना मीही घाबरतो, कारण त्यांना भाव सांगून उपयोग नसतो.”

“तुम्ही आठवण म्हणून काय निवडलंत?”

“हेराक्लियस सम्राटाचं मोठं तांब्याचं. दाढी बघा त्याची, छातीपर्यंत! माझ्या आजोबांसारखा दिसतो.”

मला राग आला नाही. म्हणजे तो खरं बोलत होता.

जावईबापू जिन्यात सापडले. इथे मला जिभेला दोन वेळा बजावावं लागलं.

“तुम्ही वर आलात तेव्हा युदोकिया जागेवर होती?”

“मला काय कळतंय, आई? मला सगळी सारखीच. त्यात ती अर्धी तर चेपलेली. वाटीसारखी.”

“चेपलेली?”

“वाकडी झालीयत ना. मी आत्याला कितीदा म्हटलं, सोनाराकडून सपाट करून घेऊ.”

मी कपाळाला हात लावला. ती नाणी पाडतानाच वाटीसारखी पाडलेली असतात, हे मलासुद्धा ऐकून माहीत होतं. आत्याबाईंच्या घरात वाढलेला माणूस आणि अकलेचा असा दुष्काळ! पण हा अडाणीपणा खोटा नव्हता. हा माणूस ती खोबणी शोधूनसुद्धा काढू शकला नसता.

“मग चिमीवर आळ घेतलात तो कशाच्या जोरावर?”

ते जिन्याच्या कठड्याकडे पाहू लागले. “दुसरं कोण उरतं, आई? तुम्हीच सांगा.”

“ते सांगायलाच आलेय,” मी म्हणाले आणि वर गेले. पण खरं सांगते, ती नुसती फुशारकी होती आणि खाली स्वयंपाकघरात चहाचं भांडं गॅसवर चढलेलं ऐकू येत होतं.

४

मास्तर खुर्चीत बसून भिंगातून एक तांब्याचं नाणं बघत होते. उंच, बारीक, सदऱ्याची कॉलर झिजलेली पण इस्त्री कडक. चिमीला नाण्यावरची ग्रीक अक्षरं यांनीच शिकवली. ती यांना फार मानते.

“या, बसा,” ते म्हणाले. “हे बघा. या एका नाण्यात दोन राजे आहेत.”

मी भिंगातून पाहिलं. एका चेहऱ्याच्या गालाखालून दुसऱ्याच कुणाचं नाक वर आलं होतं.

“नवा राजा आला की घाईघाईत जुन्या तांब्यावरच आपला ठसा मारायचा. पण जुना पुरता पुसला जायचा नाही. हे असं नाणं मी कितीतरी वर्षं शोधतोय. सोनं राजवाड्यात राहिलं हो, तांबं माणसांच्या हातांतून फिरलं. माझा जीव तांब्यात. पेन्शनीतही तेच बसतं म्हणा.” ते स्वतःशीच हसले.

माणूस बोलत होता सुंदर. मी क्षणभर कशासाठी आलेय ते विसरले.

“हे कुठे सापडलं तुम्हाला?”

“इथलंच. खालच्या खणातलं. वाटायच्या नाण्यांतलं.”

“आणि युदोकिया? तिच्याबद्दल काय वाटतं तुम्हाला?”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “तिच्याबद्दल काय सांगू? नाणं पाडणाऱ्या कारागिरानं तिचे डोळे ठिपक्यांनी केलेत. दोन ठिपके. आणि तरी ती बघते. ज्या बाईला सगळ्यांनी शपथेत, मठात, मुलांच्या मागे लपवायचा प्रयत्न केला, ती ठाम मधे उभी आहे. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा…” ते थांबले. “असो. आणि तो मिखाईल! आईला मठात टाकून पुस्तकं वाचत बसला आणि राज्य बुडवलं. सोन्यात चांदी घालून घालून त्याची नाणी पांढरी पडली. मला त्याचं तोंड बघवत नाही.”

तेवढ्यात चिमी आत आली. मास्तरांकडे सरळ पाहून म्हणाली, “मास्तर, तुमचं नाणं चहा झाल्यावर डबीत घालून देते. तोवर मन बदललं तर बदला. दुसरं घ्या. मी कुणाला विचारायला येणार नाही.”

“नाही नाही,” मास्तर घाईनं म्हणाले. “ठरलं ते ठरलं. मिखाईलच.”

चिमी वळून निघाली. मी तिला बाहेर गाठलं.

“चिमे, तुझ्यावर चोरीचा आळ आलाय आणि तू नाणी वाटत सुटलीयस? तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का? बोल ना काहीतरी!”

“आई, तू यात पडू नकोस.”

“मी पडू नको तर कोण पडणार? तो तुझा नवरा?”

“थोडा वेळ दे.” तिचे डोळे भरले होते. “अजून चहा व्हायचाय.”

कुणाला वेळ द्यायचा होता, ते तिनं सांगितलं नाही. मला असा सणसणून राग आला की काही विचारू नका. आणि तो राग चिमीवर नव्हता हे मला पायरी उतरताना जाणवलं. मग कुणावर होता? मी तिथेच जिन्यात बसले आणि उलटा हिशेब मांडायला लागले.

ज्या माणसाला मिखाईलचं तोंड बघवत नाही, ज्याचा जीव तांब्यात आहे, ज्याच्या हातात कितीतरी वर्षं शोधलेलं तांबं आयतं आलंय, तो आठवण म्हणून मिखाईल का नेतो?

५

चहा वर आला. सगळे टेबलाभोवती बसले. आत्याबाईंनी फोन जवळ ओढला.

“थांबा,” मी म्हणाले. “आत्याबाई, खणांना मखमल कशासाठी?”

“नाणी हलू नयेत, घासू नयेत, वाजू नयेत म्हणून.”

“मग खालचा खण का वाजतो?”

मी तो ओढला. ‘किण्.’ ढकलला. ‘किण्.’ सगळ्यांनी ऐकलं. नाणेवाल्याचा हात कपासकट हवेतच राहिला.

“मखमलीवर सोनं वाजत नाही,” मी म्हणाले. “सोन्यावर सोनंच वाजतं. आता नाणेवाल्यांचं म्हणणं घ्या. युदोकिया विकता येत नाही, म्हणजे ज्यानं ती घेतली त्याला फक्त ती हवी आहे. तो नाणी जाणतो. जागा रिकामी दिसली की खिसे उलटे होणार, हा तुमचा रिवाजही जाणतो. म्हणून त्यानं ती खिशात घातलीच नाही. या खोलीत तो लपवायला जागा शोधतोय. कुंडीच्या मातीत? पुस्तकामागे? छे! खऱ्या शौकिनाला तिच्यावर धुळीचा कण सोसणार नाही. तो तिला मखमलीतच ठेवणार. आणि ही नाणी असतात वाटीसारखी. वाटीत वाटी बसते, हे कुठल्याही स्वयंपाकघरातलं पोर सांगेल.”

जावईबापू म्हणाले, “म्हणजे ती चेपलेली…”

“तुम्ही गप्प बसा हो!” जीभ शेवटी सुटलीच.

मी खण सगळ्यांसमोर ठेवला. दुसऱ्या ओळीत फिकट, पिवळट-पांढरं, रुंद मिखाईल सातव्याचं नाणं होतं. हातात राजदंड, तोंडावर सुस्ती. त्याच्या काठाखालून, दिवा वाकवल्यावर, केसाएवढी एक गडद सोनेरी रेघ दिसत होती.

“मास्तर,” मी म्हणाले, “तुमची आठवण उचला ना.”

मास्तरांनी हात पुढे केला. बोटं खोबणीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी हात मागे घेतला आणि दोन्ही तळवे तोंडावर धरले.

नाणं चिमीनं उचललं. काठाला धरून, हलकेच. मिखाईल वर आला आणि खाली, खोबणीत, ती होती. चौरंगावर उभी, दोन मुलांच्या मधोमध, ठिपक्यांच्या डोळ्यांनी सरळ वर बघत. मी आयुष्यात पुष्कळ चोरीचा माल पाहिला, पण पाहताक्षणी उठून उभं राहावंसं वाटलं असा हा पहिलाच. हजार वर्षांपूर्वीची बाई, नखाएवढी, आणि सगळी खोली तिच्यापुढे गप्प झाली होती.

“आठवण म्हणून एक न्यायचं, आणि डबीत दोन जायची,” नाणेवाला हळूच म्हणाला. “काय डोकं! मास्तर, अहो, काय हे.”

६

मास्तर बोलले ते तळव्यांआडून. युदोकिया पहिल्यांदा त्यांनीच ओळखली होती. नाणेवाल्याच्या दुकानात, मळक्या नाण्यांच्या ढिगात. घ्यायची ऐपत नव्हती. दुसऱ्या कुणाकडे जाण्यापेक्षा मैत्रिणीकडे जावी म्हणून त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, आणि मग इतकी वर्षं दर आठवड्याला इथे येऊन तिला बघत राहिले.

“संग्रह हिच्याकडे जाणार म्हटल्यावर वाटलं, आता आपलं येणं संपलं. तरुण माणसांच्या घरात म्हाताऱ्याला कोण बोलावतं? माझी मती फिरली. पण चिमीवर आळ येईल हे खरंच डोक्यात नव्हतं.”

“आला तेव्हा तर आलं ना डोक्यात?” मी म्हणाले. “तेव्हा का नाही बोललात? पोरगी तुमच्यासमोर सोलून निघत होती!”

मास्तर खुर्चीत आणखी वाकले.

“पोलिसांना बोलवा,” जावईबापू म्हणाले.

आत्याबाईंनी हात वर केला. त्यांचा आवाज जड झाला होता, पण पाठ तशीच ताठ. “संग्रह चिमीचा, तर निकालही चिमीचा. पण आधी मला एक सांग पोरी. तुला ठाऊक होतं.”

चिमीनं मान खाली घातली. “खिसे दाखवून झाल्यावर मी खालचा खण लावला, तेव्हा वाजला. वर मिखाईल दिसला आणि कळलं.”

“आणि तू बोलली नाहीस!” मी ओरडलेच.

“मास्तरांनी मला अक्षरं शिकवली, आई. वाटलं, जेवणानंतर जरा वेळ मिळाला तर ते स्वतःच परत ठेवतील. मग कुणालाच काही कळायला नको. मी दोनदा खोली रिकामी करून दिली त्यांना. मघाशी तर तोंडावर सांगितलं, मन बदला म्हणून.”

मास्तरांनी तोंडावरचे हात काढले आणि तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे पोलिसांची काय गरज होती?

मला सगळं एकदम उमगलं. ती घटकाभर चोर म्हणवून घेत उभी राहिली, एका म्हाताऱ्याला शहाणं व्हायला वेळ मिळावा म्हणून. माझ्या पोटी हे रत्न कुठून आलं, देव जाणे. मी तर असल्या माणसाला पहिल्या मिनिटाला खिडकीतून खाली फेकलं असतं. मला तिचा भयंकर अभिमान वाटला, आणि तो लपवायला मी थंड झालेला चहा एका घोटात प्यायले.

“विहीणबाई,” आत्याबाई म्हणाल्या, “नाणी वाचायला पुष्कळांना येतात. मी हिलाच का निवडलं ते कळलं ना?”

चिमी मास्तरांसमोर बसली. “तुमचं येणं थांबणार नाही. दर आठवड्याला यायचं, आणि मला शिकवायचं. पण आजपासून इथे तुम्ही नाण्याला हात लावायचा नाही. नाणं मी धरीन, तुम्ही बघा.”

मास्तरांनी मान हलवली. त्यांच्यासाठी याहून मोठी शिक्षा नव्हती, आणि याहून मोठी भेटही नव्हती. ते काठी घेऊन हळूहळू उतरून गेले. हेराक्लियसची डबी घेऊन नाणेवालाही निघाला.

जावईबापूंनी सुटकेचा श्वास सोडला आणि चिमीजवळ येऊन पुटपुटले, “चल, झालं गेलं विसरून जा. माझं जरा चुकलं.”

“काय चुकलं?” चिमी म्हणाली.

“तेच… मी म्हटलं ते.”

“तुम्ही हळू म्हटलं नव्हतं. सगळ्यांसमोर म्हटलं होतं. नाणेवाल्यांनी ऐकलंय. उद्या ते बाजारात सांगतील, मास्तरांचं नाव घेणार नाहीत, जुनी ओळख आहे. म्हणतील, आत्याबाईंच्या सुनेवर आळ आला होता, पुढचं माहीत नाही. ही नाणी घेऊन मला उद्या याच लोकांत बसायचंय.”

“मग मी काय करू?”

“ते अजून फाटकापर्यंत पोचले नसतील.”

जावईबापूंनी आत्याकडे पाहिलं, आत्या खिडकीकडे पाहू लागल्या. माझ्याकडे पाहिलं, मी त्यांना जिना दाखवला. मग तो भला माणूस, अनवाणी, धडाधड पायऱ्या उतरून पळत सुटला. आम्ही तिघी खिडकीशी आलो. नाणेवाला रस्त्याच्या वळणावर गेला होता.

“अहो, थांबा!” जावईबापू भर रस्त्यात ओरडले. “माझ्या बायकोनं नाणं घेतलं नव्हतं! ऐकलंत? मी चुकीचं बोललो! तिनं घेतलं नव्हतं!”

समोरच्या घरांच्या दोन खिडक्या उघडल्या. सायकलवरून जाणारा एक माणूस पाय टेकून थांबला. नाणेवाल्यानं वळून हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, “ऐकलं हो, ऐकलं! सांगेन सगळ्यांना!”

चिमी ते होईपर्यंत ताठ उभी होती. मग खुर्चीत बसली आणि दुपारभर अडवून धरलेलं रडू तिला एकदम आलं. मी तिचं डोकं पोटाशी धरलं. बोलले मात्र काही नाही, आणि माझ्या बाबतीत हे फारच झालं.